विसरणाऱ्यांचं म्हणे बरं झालं!

करोनाकाळात सर्वांत सुखी कोण, तर डिमेन्शिया झालेले म्हातारे, असं एका विद्वानांनी नुकतंच व्याख्यानात सांगून टाकलं. का? तर साथ आली हेच त्यांना कळलं नाही, मग भीती कसली. टाळेबंदीत सगळे घरीच, म्हणजे सेवेला माणसंच माणसं. आणि आपली कुटुंबव्यवस्था भक्कम, त्यामुळे पाश्चात्त्यांसारखी वाताहत नाही. टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी अशा रुग्णाचा डायपर बदलला होता, कोण जाणे.

आधी ते 'कळलं नाही' घेऊ. डिमेन्शियात घडलेलं पुसलं जातं, पण त्यातून आलेली बेचैनी मागे उरते. ज्या आजोबांचा सगळा दिवस सकाळचं दूध, देऊळ आणि संध्याकाळचा बागेतला बाक यांवर तोललेला, त्यांच्या दाराला 25 मार्च 2020 पासून कडी लागली. दार का बंद? मुलगी सांगणार, साथ आलीये बाबा. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तोच धक्का. साथीची बातमी त्यांना दिवसभर नव्याने कळत होती! तिन्हीसांजेला अशा रुग्णांची घालमेल वाढते. 'मला घरी जायचंय' म्हणत स्वतःच्याच घराचं दार बडवणाऱ्या माणसाला निर्भय ठरवायला बरीच विद्वत्ता लागत असावी. त्यात मास्क. ज्यांना नाव आठवत नाही, त्यांना निदान ओळखीचं हसू तरी कळायचं. तेही झाकलं गेलं. शिवाय वृद्धांमध्ये कोविड कित्येकदा तापाऐवजी अचानक वाढलेल्या भ्रमानेच सुरू होतो. घरच्यांना वाटायचं, मूळचं दुखणंच बळावलं. आणि विलगीकरणाच्या वॉर्डात नातेवाइकांना मज्जाव. तहान लागली हेही ज्याला सांगता येत नाही, त्याच्या वतीने बोलायचं कोणी?

माणसंच माणसं? रुग्णसेवा ब्यूरोकडून येणाऱ्या मावश्या येईनाशा झाल्या, डे केअर बंद पडलं, आणि घरात असलेला मुलगा लॅपटॉपपुढे. उरली बायको, नाहीतर सून.

पाश्चात्त्यांची वाताहत झाली, खरंच. इंग्लंड-वेल्समध्ये मार्च ते जून 2020 मधल्या कोविडमृत्यूंत सुमारे चौथा हिस्सा डिमेन्शियाच्या रुग्णांचा होता. त्यांनी मोजलं. आपल्याकडचा आकडा व्याख्यात्यांनी काही दिला नाही.

माझं म्हणणं थोडकंच आहे. देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या साथीत त्यांच्या काळजीवाहकाला वॉर्डात प्रवेश, मावश्यांना अत्यावश्यक सेवेचा पास आणि लस घरपोच, एवढं तरी आजच नियमांत लिहून ठेवा. गेल्या वेळी साठीपुढच्यांचं लसीकरण 1 मार्च 2021 ला सुरू झालं. मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी लस पोहोचू लागली ती जुलैअखेरीस, उच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर.