मणक्याची प्रतिमा आणि मोळीचे ओझे

नांदूरघाट बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात येते. या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो व मुकादमाची उचल दोघांच्या अंगमेहनतीतून फेडली जाते. दिवसभर वाकून ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या आणि त्या डोक्यावर घेऊन वाहनात भरावयाच्या, अशा कामात कंबर धरली तर त्यात नवल ते काय? हे दुखणे तीन महिन्यांहून अधिक रेंगाळले, म्हणजे वैद्यकशास्त्र त्याला जुनाट कंबरदुखी म्हणते. अशा रुग्णाच्या हाती आज पुष्कळदा पहिली चिठ्ठी पडते ती एमआरआय तपासणीची. त्यासाठी काही हजार रुपये उभे करावे लागतात आणि ते बहुधा कर्जातून किंवा पुढच्या उचलीतूनच येतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहत नाही; कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्याचा विचार केला पाहिजे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एमआरआय हे विज्ञानाचे मोठे देणे आहे. क्ष-किरणांचा वापर न करता, चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरी यांच्या साह्याने शरीराच्या आतील मऊ भागांची प्रतिमा ते देते. या शोधाबद्दल २००३ साली पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पायातील शक्ती कमी होत चालली असेल, लघवी-शौचावरील ताबा सुटला असेल, जांघेत बधिरता आली असेल, कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर ही तपासणी विनाविलंब झाली पाहिजे. मणक्याचा क्षय आपल्या देशात आजही आढळतो. त्याचे निदान लांबले तर माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. अशा रुग्णाला पैशाअभावी तपासणी न मिळणे हा उघड अन्याय आहे.

परंतु जुनाट कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत यांपैकी एकही लक्षण नसते. त्यांच्या बाबतीत ही प्रतिमा काय सांगते? १९९४ साली अमेरिकेत कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांची एमआरआय तपासणी करण्यात आली. त्यांतील जवळजवळ निम्म्या माणसांच्या मणक्यांमधील एखादी तरी गादी फुगलेली दिसली. सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कंबरदुखी नसलेल्यांतही गादीची झीज तिशीत ५२ टक्के, तर पन्नाशीत ८० टक्के लोकांत आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे केस पांढरे होणे तसेच मणके झिजणे! झीज दिसली एवढ्यावरून दुखण्याचे कारण सापडले, असे म्हणता येत नाही. २००३ साली अमेरिकेतच ३८० रुग्णांपैकी काहींना एमआरआय व काहींना साधा क्ष-किरण फोटो देऊन तुलना करण्यात आली. वर्षानंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत फारसा फरक आढळला नाही.

तरीही अहवाल हाती येतो आणि त्यातील शब्द रुग्णाच्या मनात घर करतात. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ हे ऐकल्यावर धडधाकट माणूसही वाकायला भितो. भ्यालेल्या माणसाला शस्त्रक्रियेस राजी करणे अवघड नसते. या भयाचा अनुभव बीड जिल्ह्याने घेतलेला आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे नव्हे. परंतु पोटदुखी वा अंगावरून जाणे यांसारख्या तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक स्त्रियांना कर्करोगाची धास्ती घालण्यात आली, हे त्या वेळी पुढे आले. जे गर्भाशयाचे झाले ते मणक्याचे होऊ नये, याची दक्षता आताच घेतली पाहिजे. तपासणीस रुग्ण धाडणाऱ्याला मिळणाऱ्या ‘कट’ला आळा घालण्यासाठी राज्यात २०१७ साली विधेयकाचा मसुदा तयार झाला होता, मसुद्याच्या पुढे मात्र तो गेला नाही.

येथे काही कार्यकर्ते विचारतील : शहरातल्या सुखवस्तू माणसाला एमआरआय आणि ऊसतोड बाईला व्यायामाचा उपदेश, ही कसली समता? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर निरर्थक तपासण्यांचे समान वाटप हे नव्हे. समता हवी ती आवश्यक उपचारांत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम व काही प्रकारचे भौतिकोपचार यांचा पुरस्कार आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून कंबर ताणणे यांचा सरसकट वापर करू नये, असेही म्हटले आहे. बाजारात मात्र पट्टाच सर्वांत सहज मिळतो आणि गावात भौतिकोपचार-तज्ज्ञ मिळत नाही.

शिवाय, एका दिवसाच्या खाड्यासाठी दंड भरणाऱ्या बाईला ‘जड उचलू नका’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. तिची कंबर दुखते ती कामाच्या रचनेमुळे. प्रतिमा मणका दाखवते. मोळीचे वजन, कामाचे तास आणि उचलीचा तगादा ती दाखवू शकत नाही. कामगाराच्या शरीरात दोष सापडला, की मालकाच्या व्यवस्थेतील दोष शोधण्याची निकड उरत नाही. स्वतः वैद्यकी करणाऱ्या डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली आणि पाठीवरच्या पोत्याचे वजन ५० किलोवर आणा ही मागणी लावून धरली. हमालाच्या पाठीवर खरा इलाज तोच होता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके ओझे कामगाराकडून उचलून घेण्यास मनाई केली होती. ती कारखान्याच्या फाटकाच्या आत. त्याच कारखान्यासाठी फडात मोळी उचलणारी बाई मात्र त्या फाटकाबाहेरच राहिली.

तेव्हा तालुक्याला एमआरआय यंत्र द्या, एवढी मागणी करून थांबता येणार नाही. ज्याला धोक्याची लक्षणे आहेत त्याला शासकीय रुग्णालयातून तपासणी मोफत व तातडीने मिळावी. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. तेथवर रुग्ण पोहोचवण्याची व्यवस्था शासनाने करावी. ग्रामीण रुग्णालयांत भौतिकोपचार-तज्ज्ञांची पदे निर्माण करून भरावीत. मोळीच्या वजनावर मर्यादा, भरणीसाठी यांत्रिक साधने, आजारपणात पगारी सुटी आणि खाड्याच्या दंडावर बंदी या मागण्या मजुरीच्या करारात आल्या पाहिजेत. आजवर ऊसतोडीचे करार दर टनावर ठरत आले. टनाखालच्या पाठीचा विचार त्यांत झाला नाही. पुढच्या हंगामाच्या वाटाघाटींत तो व्हावा, यासाठी कार्यकर्त्यांनी टोळ्या गावी असतानाच, पावसाळ्यात, कामाला लागले पाहिजे.