वहीच्या पानावरचा गिअर

गेल्या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले. सोबत वहीचे फाडलेले पान आणि त्यावर पेन्सिलीने काढलेली आकृती. लिहितात, "भाऊ, मुलगा आय.टी.आय. झालाय. यांचा डावा खांदा दोन वर्षांपासून धरलाय. जीपचा गिअर पुढे-मागे होतो, पण आडवा ओढताना कळ येते. मुलगा म्हणतो, मोटारसायकलसारखा गिअर करून देतो, आडवे ओढायचे कामच नको. त्यासाठी जीप उघडायला निघालाय. सकाळी त्याच जीपमधून डेअरीला दूध जाते, दुपारी शाळेची पोरे येतात. उघडू देऊ का?"

ताई, आकृती दोनदा पाहिली. पोराचे डोके चालते, यात शंका नाही. पण इतक्यात उघडू देऊ नका. का, ते सांगतो. हा मजकूर त्यालाही वाचायला द्या, अर्धा त्याच्यासाठीच आहे.

मोटारसायकलचा गिअर आपण पायाने टाकतो, पण आत काय होते हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. आत एक ड्रम असतो, लाटण्याच्या तुकड्याएवढा. त्याच्या अंगावर नागमोडी चर कोरलेले असतात. गिअर सरकवणाऱ्या फोर्कच्या खुंट्या त्या चरांत बसतात. पाय मारला की खटका ड्रमला एकच पाऊल फिरवतो, चर वळतो तशी खुंटी सरकते आणि गिअर बदलतो. एका लाथेला एक पाऊल. चौथ्यावरून एकदम पहिल्यावर जातो म्हटले तरी जाता येत नाही.

जीपच्या दांड्याला मात्र दोन कामे. आधी आडवे जाऊन गल्ली निवडायची, मग त्या गल्लीत पुढे किंवा मागे जायचे. डाव्या गल्लीत पहिला-दुसरा, मधल्या गल्लीत तिसरा-चौथा, उजवीकडे पाचवा आणि रिव्हर्स. गंमत अशी, की अगदी सुरुवातीच्या मोटारींत दांडा एकाच रेषेत चालायचा, एकामागून एक सगळे गिअर ओलांडत. १९०१ च्या मर्सिडीज गाडीने गल्ल्यांची पद्धत रूढ केली. हवा तो गिअर थेट गाठता येऊ लागला, म्हणून लोकांना ती आवडली. पुढे शर्यतीच्या गाड्या पुन्हा क्रमावर आल्या. १९८९ साली ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेलने फेरारी पहिली आणली, तिचे गिअर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी क्रमानेच बदलत होते. मुलाने मोबाईलवर अशाच गाड्या पाहिल्या असणार.

क्रमाचा फायदा मी स्वतः चुकवून शिकलो. घाट उतरत होतो, गाडी पाचव्यात. वेग आवरावा म्हणून चौथा टाकायला हात मागे ओढला, तो जरा जास्त डावीकडे गेला आणि दुसरा पडला. हिशेब करा. पाचव्याचे प्रमाण ०.८ आणि दुसऱ्याचे २ धरले, तर इंजिनाला त्याच वेगाला अडीचपट फिरावे लागते. मिनिटाला ३००० फेऱ्यांचे एकदम ७५०० होतात. एवढे डिझेल इंजिन सोसत नाही. व्हॉल्व पिस्टनला भिडतात, रॉड मोडतो. मी क्लच लगेच पुन्हा दाबला म्हणून इंजिन वाचले, पण तेवढ्यात मागची चाके घसरून गाडी कठड्याला टेकली होती. क्लच प्लेटचे तुकडे पोत्यात भरून आणले. तेव्हा मुलाची कल्पना खुळी आहे असे मी म्हणणार नाही.

आता त्याच्या आकृतीकडे येतो. बाळ, तू ड्रमवर एकच चर काढलास. तिथेच गाडी अडणार. मोटारसायकलच्या फोर्कना फक्त सरकायचे असते, तुझ्या दांड्याला आडवेही जायचे आहे. म्हणून चर दोन हवेत. एक पुढे-मागे ढकलणारा, दुसरा गल्ली बदलणारा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गल्ली तीच राहते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मात्र आधी न्यूट्रलमध्ये यायचे, मग गल्ली बदलायची, मग पुढे. गल्ली बदलत असताना पहिला चर सपाट राहिला पाहिजे. ड्रम फिरतोय, पण फोर्क मध्यावर स्वस्थ उभा आहे, असा. हा सपाट तुकडा सोडला नाहीस तर गिअर अर्धवट अडकलेला असतानाच आडवा जोर पडेल, आणि खुंटी तरी तुटेल नाहीतर फोर्क वाकेल.

दुसरी गोष्ट मापाची. रिव्हर्स, न्यूट्रल आणि पाच गिअर म्हणजे ७ जागा, मध्ये ६ पावले. पाऊल ४५ अंशांचे धर. तुझा ड्रम ६० मि.मी. व्यासाचा, म्हणजे एका पावलाला घेरावर साडेतेवीस मि.मी. मिळतात. त्यातले १० सपाट तुकड्याला गेले. उरलेल्या साडेतेरात मागचे १० आणि पुढचे १०, असे २० मि.मी. सरकायचे. हा घाट फार उभा झाला, खुंटी चरात रुतेल. व्यास ९० केलास तर पावलाला ३५ मि.मी. मिळतात, चढ निवतो. खुंटीवर लहान बेअरिंग बसव. रिव्हर्सच्या आधी वेगळी खीळ घाल, पुढे जाता जाता तो पडता कामा नये.

आणि दांडा सटासट मारू नकोस. जीपच्या गिअरबॉक्समध्ये पितळी कडी असतात. दोन चाकांचा वेग जुळेपर्यंत ती गिअरला थोपवून धरतात. शर्यतीच्या गाडीत बहुधा कडी नसतात, नुसते जाड दात असतात, म्हणून तिथे ठोकून चालते. तुझ्या जीपला क्षणभर थांबावेच लागेल.

ताई, तोटाही ऐका. समोर म्हैस आडवी आली आणि चौथ्यात गाडी थांबली, तर आजचा दांडा एका हिसक्यात न्यूट्रल होतो. क्रमाच्या दांड्याला चार वेळा खटखट करावी लागेल. जुन्या बुलेटवाल्यांना आठवेल, थेट न्यूट्रल करायला टाचेखाली वेगळी पट्टी दिलेली असायची, ती उगाच नव्हे. शिवाय दांडा दरवेळी मधोमध परत येतो, त्यामुळे कितवा गिअर आहे हे हाताला कळत नाही. समोर आकडा दाखवणारा काटा लागतोच. ट्रॅक्टरला तर हे मुळीच नको. तिथे कामाचा गिअर निवडून मगच आपण निघतो, मधले गिअर मोजत कोण बसणार?

मुलाला भंगारातून एक जुना गिअरबॉक्स आणून द्या. टेबलावर पकडून हाताने फिरवीत सगळे गिअर शंभरदा पडले, एकदाही अडकले नाहीत, तरच पुढचे बोला. तेव्हाही आर.टी.ओ. आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय रस्त्यावरच्या गाडीला हात नको. तो काढतोय त्याच वाटेची वस्तू कारखान्यांनी केलेलीही आहे. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत आलेली ए.एम.टी. म्हणजे आत साधाच गिअरबॉक्स. फक्त क्लच दाबणे, गल्ली निवडणे, फोर्क ढकलणे ही कामे तेलाच्या दाबावर होतात आणि हुकूम संगणक देतो. दांड्याला अधिक-उणे खुणा असतात. तशी एखादी गाडी त्याला नीट बघू द्या.

राहिला खांदा. तो डॉक्टरांना दाखवा. पण दांडा आडवा ओढायला एवढा जोर लागतो, हेच मला खटकते. जुन्या जीपला दांड्याखालचे बुश झिजतात, नाहीतर गल्ली बदलणारी केबल किंवा सांधा गंजून जड होतो. मुलाला आधी तेवढे उघडू द्या. बुश बदलून, ग्रीस भरून यांना एकदा चालवून बघायला सांगा आणि मला कळवा.