नट गावात येतो, पण त्याला चौथरा कुठे?

धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत मंडईपासून होळीपर्यंत गावोगावी पडदा उघडतो. वडसा हे या नाट्य कंपन्यांचे माहेरघर. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारने दखल आता घेतली. आमच्या माणसाने ती आजा-पणजापासून घेतली आहे.

आवडता नट समोर पाहण्याची गंमतच न्यारी. टीव्हीवरचा नट तुमच्यासाठी थांबत नाही. इथे पुढच्या रांगेतल्या म्हातारीचे हसू ओसरेपर्यंत नट पुढचे वाक्य टाकत नाही. गाणे रंगले तर 'वन्स मोअर' होतो, अन् ते पुन्हा म्हणावेच लागते. त्यासाठी शेतकरी पदरचे पैसे मोडून तिकीट काढतो, पहाटेपर्यंत थंडीत बसतो.

एवढे करून त्याच्या वाट्याला काय? बसायला ढेकळे, वर उघडे आभाळ. बायाबापड्यांना अंधारात बांधाआड जावे लागते. नटाला रंग लावायला ताडपत्रीचा आडोसा.

ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेने मनावर घेतले तर मोठ्या गावांत पक्का चौथरा, रंगपटाची खोली, पाणी आणि बायकांसाठी शौचालय सहज होईल. नाटक नसेल तेव्हा लग्नाला, उन्हाळी धान वाळवायला तोच चौथरा कामी येईल. कलावंतांचे सत्कार पुष्कळ झाले. आता त्यांच्या पायाखाली चार विटा रचा!