स्कॅनमधला गुडघा चालतो, पण कोणाच्या चालीनं?

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याकडे निघालेली ट्रॉली फडात भरताना पाहिली आहे? डोक्यावर उसाची मोळी, पायाखाली तिरपी फळी आणि प्रत्येक पावलाला सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर. हाच गुडघा दुखू लागला की सीटी स्कॅन होतो. तो मात्र उताणं झोपवून, पाय सैल सोडून.

आता अशा स्कॅनमधून हाडं हलताना दाखवणारे व्हिडीओ तयार होतात. ते बघून ‘आतलं सगळं दिसलं’ असं वाटतं. माझ्या मते गफलत तिथंच होते.

हे बनतं कसं? सीटी म्हणजे शरीराचे पातळ काप, साधारण १ मिलिमीटरचे किंवा त्याहून बारीक. कापातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. पाणी ०, हवा उणे १०००, हाड अधिक काही शे. या मोजपट्टीला नाव आहे गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचं. त्यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, १९७९ मध्ये नोबेल मिळालं. ठरावीक आकड्याच्या वरचे ठिपके निवडले की हाड सुटं होतं. ‘थ्रीडी स्लायसर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मांडीचं हाड, नडगी, वाटी वेगळी करता येते. हाताने साफसफाई बरीच करावी लागते, हा भाग व्हिडीओत कोणी दाखवत नाही. मग ‘ब्लेंडर’मध्ये, तेही फुकटच, हाडांना अक्ष देऊन फिरवायचं.

इथपर्यंत हाडाचा आकार रुग्णाचा. हालचाल मात्र बनवणाऱ्यानं ठरवलेली.

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नाही. वाकताना मांडीचं हाड नडगीवर लोळतं आणि घसरतंही. पाय पूर्ण सरळ होताना नडगी किंचित बाहेर वळते. एकाच अक्षावर फिरवलं तर पडद्यावर हाडं एकमेकांत घुसतात, मग ती नजरेच्या अंदाजानं सरकवली जातात. कूर्चा आणि अस्थिबंध साध्या सीटीत नीट दिसतच नाहीत. म्हणजे तो गुडघा चालतो पुस्तकातल्या निरोगी माणसासारखा. मोळी घेऊन फळीवर चढणाऱ्यासारखा नव्हे.

खरी हालचाल मोजता येते. अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठात विकसित झालेल्या ‘एक्स-रॉम’ पद्धतीत दोन दिशांनी एक्स-रेचं चित्रीकरण करतात आणि स्कॅनमधली हाडं त्यावर जुळवतात. पण तशी सोय तालुक्याच्या गावी कुठून असणार?

ॲनिमेशन नकोच, असं मी म्हणत नाही. कृत्रिम सांधा कुठं बसणार हे आजीला समजवायला याहून सोपं काही नाही. पण ते दाखवून ऑपरेशनचा निर्णय मागितला, तर सरळ विचारा : डॉक्टर, ही हालचाल माझी मोजलेली आहे की बसवलेली?

आणि फिल्मच्या मोठ्या पाकिटावर समाधान मानू नका. डायकॉम फाइल असलेली सीडी मागून घ्या, थ्रीडी आकार त्यातूनच निघतो. त्या फाइलमध्ये सहसा रुग्णाचं नाव आणि जन्मतारीखही असते. बाहेर कोणाला द्यायच्या आधी ती काढून घ्या.