ॲप अचानक बंद का पडतं? एक कारण ‘यादी’त लपलंय

मांजर हा प्राणी आहे. मग मांजरांची यादी म्हणजे प्राण्यांचीच यादी, बरोबर ना? नुसती वाचायची असेल तर बरोबर. पण लिहायची मुभा दिली, की कुणीतरी त्या ‘प्राण्यांच्या’ यादीत कुत्रा टाकणार!

जावाने ॲरेला ही सूट १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच दिली. कुत्रा टाकल्याचं कळतं ते प्रोग्राम चालू असताना, एक्सेप्शन आलं की. २००४ मध्ये जावा ५ सोबत जेनेरिक्स आले आणि तिथे कंपायलरच अडवू लागला.

अँड्रॉइडसाठी गूगल २०१९ पासून कॉटलिनला पहिली पसंती देतं. कॉटलिनमध्ये फक्त वाचायच्या ‘लिस्ट’ला ही सूट आहे, बदलता येणाऱ्या ‘म्युटेबललिस्ट’ला नाही. फ्लटरची डार्ट भाषा मात्र बदलता येणारी यादीही चालवून घेते. तपासणी होते ॲप चालू असताना. कोड लिहिणं सोपं होतं, पण टेस्टिंगमध्ये निसटलेली चूक थेट तुमच्या फोनवर उघडी पडते.

म्हणून ॲप बनवायला शिकत असाल, तर भाषा निवडताना एवढं विचारा: अशी चूक आधी कुणाला दिसणार, कंपायलरला की युजरला?