गावाला सांगणार कोण?

जून आला की आयटी पार्कातले लोगो सप्तरंगी होतात, एचआरचा मेल येतो, एखादं सेशन होतं. चांगलंच आहे, तक्रार नाही. पण शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून आपण ज्या गावांना जातो, तिथे यातलं काय पोचतं?

कोर्टाचा निकाल पोचलाय. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. म्हणजे हा गुन्हा नाही एवढं कळलं. पण हा आजारही नाही, हे गावात कोणी सांगितलं?

आता लगेच "गावातले लोक मागासलेले" वगैरे सुरू करू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये एका तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा महिला वॉर्डातला अर्ज फेटाळला गेला, त्या हायकोर्टात गेल्या, कोर्टाने उभं राहू दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये लोकांनी त्यांना निवडूनही दिलं. मला वाटतं, ओळखीच्या माणसाला मत द्यायला गावाला भाषण लागत नाही. शहरात आपल्याला शेजारच्या फ्लॅटमधल्याचं नावही माहीत नसतं!

पण इथेच एक गोची आहे. तृतीयपंथीयांसाठी गावाकडे जुना शब्द आहे, एक ठरलेली जागा आहे. यल्लम्माचा जोगता म्हणा, बारशाला येऊन आशीर्वाद देणारे म्हणा. ती जागा मानाची कमी आणि हेटाळणीची जास्त, पण आहे. गे मुलाला किंवा लेस्बियन मुलीला तेवढीही नाही. त्यांच्यासाठी सगळ्यांकडे एकच औषध असतं : "लग्न लावून द्या, होईल सगळं ठीक." होत काहीच नाही. उलट एकाऐवजी दोन आयुष्यं अडकतात. त्या मुलाशी लग्न होणारी मुलगीही कुणाची तरी लेकच असते ना? समतेचा मुद्दा गावात मांडायचा तर मी इथून सुरू करीन. हक्कांची भाषा खरी आहे, पण माजघरात लेकीची भाषा आधी कळते.

मग सांगायचं कोणी? बाहेरून जीप भरून आलेल्यांचं गाव ऐकून घेतं आणि सोडून देतं. फॅमिली डॉक्टरचं मात्र ऐकतं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समलिंगी माणसाला 'बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तालुक्याच्या डॉक्टरने एवढंच आईबापांना सांगितलं तरी खूप झालं. शाळेतल्या बाई आहेत, आशाताई आहेत, वाचनालय आहे. बिंदुमाधव खिरे हे आपल्याच सॉफ्टवेअरच्या धंद्यातले. त्यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर मराठीत लिहिलं. त्यांचं 'पार्टनर' तुमच्या गावच्या वाचनालयात आहे का? नसेल तर एक प्रत देऊन या. पिझ्झापेक्षा स्वस्त पडेल.

एक पथ्य मात्र पाळा. विषयावर बोला, माणसाकडे बोट दाखवू नका. ओळखीमुळे गाव सांभाळून घेतं हे खरं, पण त्याच ओळखीमुळे तिथे लपायलाही जागा नसते. कुणाबद्दल काय सांगायचं हे त्याचं तो ठरवेल.

फॅमिली ग्रुपवर 'तसल्या' माणसांवरचा जोक आला की आपण स्मायली टाकून पुढे जातो. पुढच्या वेळी "काका, यात हसण्यासारखं काय आहे?" एवढंच विचारून बघा. वाद होईल, दोन दिवस अबोला होईल. पण दीडशे जणांच्या त्या ग्रुपवर कुणीतरी सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एक अक्षर न लिहिता ते वाचत असेल. आपल्या घरात निदान एक माणूस तरी आहे, हे त्यांना कळेल.

बघा, पटतंय का.