सूर्य खरा, ठेकेदाराचे काय?

अंबरनाथचे आनंदनगर घ्या, बदलापूरचे कात्रप घ्या, की उल्हासनगरचा कोणताही कॅम्प घ्या. सोसायटीच्या फाटकावर 'वीजबिल शून्य' असे बजावणारा एखादा कागद आजकाल हमखास डकवलेला आढळतो. त्यावर सरकारी योजनेचे नाव मोठ्या अक्षरांत, अनुदानाचा आकडा त्याहूनही मोठ्या अक्षरांत आणि कंपनीचा पत्ता मात्र भिंग घेऊन शोधावा लागतो. पुष्कळदा पत्त्याच्या जागी नुसता मोबाईलचा क्रमांक असतो. छतावर निर्माण होणारी सौर वीज ही वस्तू चांगली आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. संदेह आहे तो ती विकावयास येणाऱ्या हरएक माणसाविषयी. मध्यमवर्गीय कुटुंबाने काटकसरीने साठविलेले दीड-दोन लाख रुपये ज्याच्या हाती द्यावयाचे, त्याची पारख कशी करावी हे सांगणे आज आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम योजनेचे खरे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू झाली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसविण्याचा तीत संकल्प आहे. तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत. पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये, आणि पुढे कितीही मोठा संच बसविला तरी घरटी ७८,००० रुपयांहून अधिक नाही, असे केंद्राचे अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थेच्या लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक वापरासाठी ते किलोवॉटमागे १८,००० रुपये आहे. एक किलोवॉटचा संच महिन्याला साधारणतः १०० ते १२० युनिट वीज देतो आणि त्यास सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. एवढी चार वाक्ये पाठ असलेल्या गृहस्थास फसविणे सोपे नाही. दोन किलोवॉटचा संच दाखवून महिना चारशे युनिटांचे वचन देणारा मनुष्य एक तर गणितात कच्चा असला पाहिजे, नाहीतर सचोटीत.

अनुदानाविषयी सर्वांत अधिक गैरसमज पसरविले जातात. 'तुमचे अनुदान आम्ही मंजूर करून आणतो, त्यासाठी एवढी रक्कम आधी भरा' असे कोणी म्हणाला की त्याला तेथूनच निरोप द्यावा. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहकाच्या स्वतःच्या वीज ग्राहक क्रमांकावर होतो. संच बसून, महावितरणची तपासणी होऊन, नेट मीटर लागून तो कार्यान्वित झाला म्हणजेच अनुदान मिळते, आणि ते थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. मध्ये कोणा मध्यस्थाच्या कृपेची गरज नाही. तेव्हा पोर्टलवरील नोंदणी आपल्याच मोबाईलवरून करावी, मोबाईलवर येणारा संकेतांक कोणास सांगू नये, आणि काम अपुरे असता 'काम पूर्ण झाले' या कागदावर सही करू नये.

'आम्ही सरकारमान्य' हा दुसरा मोह. काही कंपन्या मंत्रालयाचे नाव सांगून फिरू लागल्या, तेव्हा आपण कोणत्याही विक्रेत्यास असे प्राधिकृत केलेले नाही, असा खुलासा नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयालाच काही वर्षांपूर्वी करावा लागला होता. आज अनुदान हवे असल्यास ठेकेदार पोर्टलवर नोंदलेला असणे आवश्यक आहे, आणि ते ग्राहकाने स्वतः पाहून घ्यावे. परंतु नोंदणी म्हणजे शिफारस नव्हे. परीक्षेस बसण्याचा अर्ज भरलेला प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण झाला असे कोणतीही शाळा मानीत नाही.

शिक्का आणि माल यांतील अंतर आमच्या या पट्ट्याला शिकवावयास नको. १९४९ साली निर्वासितांनी शून्यातून उभारलेल्या उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'ची थट्टा साऱ्या महाराष्ट्राने केली. नुसता शिक्का वाचून माल घेणाऱ्याची मात्र कोणी केली नाही. घरगुती अनुदानासाठी पॅनेल सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतील आणि भारतात बनलेल्या सेलचेच असावे लागते. म्हणून पॅनेलवरील अनुक्रमांक बिलातील क्रमांकांशी एकेक करून ताडून पाहावेत. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

पण आमच्या मते खरी गोम याहूनही पुढे आहे. सौर संच हा मिक्सर वा पंखा यांसारखा घेतला आणि विसरला असा जिन्नस नव्हे. पॅनेलची उत्पादनक्षमता सामान्यतः पंचवीस वर्षांच्या हमीची असते. इन्व्हर्टरची हमी बहुधा पाच ते दहा वर्षांची. आणि या योजनेत ठेकेदाराने पाच वर्षे देखभाल करावयाची असते. म्हणजे एका कागदावर तीन वेगवेगळ्या माणसांची तीन वेगवेगळ्या मुदतींची वचने असतात. विक्रेता ती एका दमात 'पंचवीस वर्षांची गॅरंटी' म्हणून सांगतो आणि ग्राहक एका दमात ऐकतो. यांपैकी ठेकेदाराचे दुकान बंद झाले तरी जिवंत राहणारी वचने कोणती, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला पाहिजे. उत्पादकाची हमी ग्राहकाच्या नावाने, अनुक्रमांकासह, उत्पादकाच्याच कागदावर मिळाली तर ती टिकते. ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनाचे आयुष्य त्याच्या मोबाईल क्रमांकाइतकेच.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत १९८५ साली स्थापन झालेली सनपॉवर ही घरगुती सौर संचांची नामांकित कंपनी; तिनेही ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या देशात, २०१३ साली, सौर ऊर्जेच्या नावाने लोकांकडून आगाऊ रकमा उकळल्याच्या प्रकरणाने केरळचे राजकारण ढवळून निघाले होते. पहिल्या उदाहरणात प्रश्न कंपनीच्या आयुष्याचा होता, दुसऱ्यात तिच्या हेतूचा. ग्राहकास दोन्हींची चौकशी करावी लागते.

मुलीसाठी स्थळ पाहताना आपण घर, नोकरी, स्वभाव, देणी सारे विचारतो आणि शेवटी शेजाऱ्यांकडे हळूच चौकशी करतो. येथेही तीच रीत उपयोगी पडेल. कंपनी केव्हा नोंदली गेली, वस्तू-सेवा कराचा क्रमांक चालू आहे काय, विद्युत कंत्राटदाराचा परवाना कोणाच्या नावावर आहे, ही कागदोपत्री चौकशी घरबसल्या होते. नंतर कार्यालय प्रत्यक्ष पाहून यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तीन जुन्या ग्राहकांची नावे मागावीत. गेल्या महिन्यातले नव्हे, निदान दोन पावसाळे पाहिलेले. २००५ आणि २०१९ च्या जुलैतील उल्हास नदीचे रूप ज्या बदलापूरकरांनी पाहिले आहे, त्यांना आमच्याकडचा पाऊस काय असतो हे सांगावयास नको. त्या ग्राहकाच्या गच्चीवर जाऊन सांगाड्याला गंज चढला आहे काय, स्क्रूभोवती गळती आहे काय, आणि बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांनी आला, एवढे पाहिले व विचारले तरी पुरे. जुना ग्राहक दाखविण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

विक्रेत्याची परीक्षा घेण्यास आम्ही एकच प्रश्न सुचवितो: 'वीज गेली तर आमच्या घरातले दिवे चालतील काय?' पहिल्या वळवाच्या सरीबरोबर ज्यांची वीज जाते त्यांना हा प्रश्न सुचणे स्वाभाविकच आहे. महावितरणच्या जाळ्याशी जोडलेला, बॅटरी नसलेला संच वीज जाताच आपोआप बंद पडतो. आणि तो बंद पडलाच पाहिजे, कारण खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या वायरमनच्या जिवाचा तो प्रश्न आहे. जो विक्रेता हे स्वतःहून सांगतो तो ऐकून घेण्याजोगा. जो 'हो, हो, सगळे चालेल' म्हणतो त्याची बाकीची आश्वासनेही त्याच मापाने मोजावीत.

यानंतर प्रश्न येतो छताचा. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे मृत्युमुखी पडली, ही आठवण अजून पुसलेली नाही. संचाचे वजन फार नसते हे खरे. परंतु सांगाडा बसविण्यासाठी स्लॅबला भोके पडतात, त्यांतून पाणी मुरते, आणि वाऱ्याचा झोत पॅनेलखाली शिरला म्हणजे तो सांगाडा उपटू पाहतो. जुन्या इमारतीच्या गच्चीवर नुसती नजर टाकून 'होऊन जाईल' म्हणणारा ठेकेदार गच्ची आपली नाही असे समजून बोलत असतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्यानेच आवश्यक आहे. त्याहून कमी वयाच्या इमारतीनेही संच बसविण्यापूर्वी अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. गच्ची संस्थेची सामाईक मालमत्ता असल्याने सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, हेही कार्यकारी समित्यांनी विसरू नये.

दरपत्रक किमान तिघांकडून घ्यावे आणि ते एकाच आकड्याचे असू नये. पॅनेल कोणत्या कंपनीचे व किती वॉटचे, इन्व्हर्टर कोणता, सांगाड्याला गरम जस्ताचा मुलामा आहे की नुसता रंग, अर्थिंग किती, वीजरोधक आहे की नाही, नेट मीटरचा खर्च कोणाचा, हे सारे वेगवेगळे लिहून मागावे. आनंदनगरच्या कारखान्यांची धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे रंग लावलेले लोखंड फार काळ तग धरीत नाही. ती धूळ पॅनेलवर बसली की वीजही घटते, म्हणून पॅनेल धुण्यासाठी वाट व पाण्याची सोय आहे काय हेही विचारावे. अनुदान ठरविताना २०२४ साली सरकारने पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्यास ४५,००० रुपये खर्च धरला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या करासह दर सांगणारा आणि या हिशेबाच्या फारच खाली उतरणारा, असे दोघेही खुलाशास पात्र आहेत. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि एक ठोस हप्ता नेट मीटर लागून संच चालू होईपर्यंत हातात ठेवावा. त्या हप्त्याइतके प्रभावी स्मरणपत्र दुसरे नाही.

इतके करूनही फसगत झालीच तर गप्प बसू नये. योजनेसाठी १५५५५ आणि ग्राहक तक्रारींसाठी १९१५ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाचे दारही उघडे आहे. मात्र तेथे कागद बोलतो, आठवण बोलत नाही.

ग्राहकाला एवढा उपदेश केल्यावर सार्वजनिक संस्थांना मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. निवृत्त शिक्षक किंवा नोकरीनिमित्त पहाटेची लोकल पकडणारी गृहिणी यांनी विद्युत अभियंता आणि वकील दोन्ही व्हावे, ही अपेक्षाच मुळी अवाजवी आहे. कोणत्या ठेकेदाराने किती संच बसविले, त्यांपैकी किती तपासणीत परत गेले, नेट मीटर लागण्यास किती दिवस लागले आणि तक्रारी किती आल्या, ही माहिती महावितरणच्या दफ्तरी साहजिकच जमा होते. कल्याण परिमंडळाने ती उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांपुरती ठेकेदारनिहाय, मराठीतून, दर तिमाहीस प्रसिद्ध करावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी ती आपल्या कार्यालयांत लावावी. यास नवा कायदा नको, मोठा निधी नको. केवळ इच्छा हवी. लबाड ठेकेदाराचा धंदा ग्राहकाच्या अज्ञानावर चालतो आणि त्याचा खरा तोटा प्रामाणिक ठेकेदारालाच होतो, हे अधिकाऱ्यांनी ओळखले पाहिजे.

लोकांचा विश्वास एकदा उडाला तर एका कंपनीबरोबर साऱ्या सौर विजेचे नाव बदनाम होईल, आणि चांगली वस्तू वाईट हातांमुळे नाकारली जाईल. तसे होऊ द्यावयाचे नसेल तर फाटकावरच्या कागदाला उत्तर म्हणून प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने येत्या सभेत हे प्रश्न मांडावेत आणि लेखी उत्तरे आल्यावाचून एक रुपयाही देऊ नये. ऊन उद्याही पडणार आहे. सहीची घाई करण्याचे कारण नाही.